आवाज लिहून पाठव

मांडवी, रत्नागिरी
१० फेब्रुवारी २०२५

गंगाराममामा,

शाळेत पत्राच्या सुरवातीला काय काय लिहायला लावायचे ते नववीतच राहिलं, म्हणून सरळ लिहिते. मी अक्षया. आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात. बाबा सकाळी बोटीवरून येतात आणि दुपारभर झोपतात.

फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझा फोन बटणांचा. मामीला सांगितलं असतं तर ती बिचारी तुला खुणा करून गिटारमधला पिकअप कसा दाखवणार. ती म्हणाली, "लिहून पाठव गो, कागद आला की तो दहादा वाचतो."

तर तुझ्या बास गिटारबद्दल. ऑर्केस्ट्रा सोडून वेळणेश्वरला गेलास तेव्हा आमच्याकडे ठेवलीस ती. मी ती वाजवते. आईला माहीत आहे, बाबांना अर्धंच माहीत आहे. तू जाताना दाखवलंस तेवढं आणि बाकीचं मोबाईलवर बघून.

आमच्या आळीतल्या ओमकारचा ग्रुप आहे. दर शनिवारी गणपतीपुळ्याला एका रिसॉर्टवर वाजवतात. त्यांचा बासवाला नोकरीला मुंबईला गेला. ओमकारने मला गच्चीवर ऐकलंन आणि म्हणाला, "हात बरा आहे तुझा, पण आवाज कसला गो तो, रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखा." शिमगा झाला की परत ऐकतो म्हणाला.

मामा, मला त्यात जायचंय. काजूच्या कारखान्यात बायका दिवसभर विचारतात, तू बोलत का नाहीस. शाळेत पण तेच विचारायचे. बास वाजवणाऱ्याला कोण विचारत नाही. तो मागे उभा असतो.

जाडी तार नुसती घुमते आणि बारीक तार ऐकूच येत नाही. पिकअपच्या बाजूला स्क्रू आहेत ते फिरवायचे का? मी हात लावला नाही, तुझी वस्तू म्हणून. मामी म्हणते तुझा उजवा कान अजून थोडा आहे. बरं झालं.

अक्षया


वेळणेश्वर
१७ फेब्रुवारी

अक्षयाबाय,

पोस्टमनने पाकीट हातात दिलंन तेव्हा वाटलं बँकेचं आहे. उघडलं तर तू. तोंडाने चार शब्द बोलत नाहीस आणि कागदावर दोन पानं. असंच लिहीत जा.

तुझी वस्तू म्हणून हात लावला नाही म्हणतेस. अगो, ती काय देव्हाऱ्यातली आहे? लाव हात.

पिकअप म्हणजे लोहचुंबक. त्याच्या भोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे घेतलेली. वरची तार हलली की आत वीज हलते आणि ती ॲम्पमध्ये जाते. जवळ आणलास तर आवाज मोठा, लांब नेलास तर मऊ. सगळी गंमत दोन-तीन मिलिमीटरात. मुंबईत लोक आवाज बदलायची हजारांची पेटी विकत घेऊन पायाखाली ठेवायचे, आणि हा फुकटचा स्क्रू कोणी फिरवायचं नाही.

आता नीट कर. जाडी तार मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर दाबून धर. तार आणि पिकअपच्या मधे रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकव. अडकता कामा नयेत, लुडबुडता पण कामा नयेत. बारीक तारेच्या बाजूला जरा कमी. एक नाणं आणि त्यावर ह्या पत्राचा कागद घड्या करून. स्क्रू आवळलास की पिकअप खाली जाईल, सैल केलास की वर येईल. वायच फिरवायचा, थांबायचं, वाजवायचं. घाई करणारे स्क्रूची खाच खातात.

पिकअप दोन आहेत. मानेकडचा गोल बोलतो, जेवून सुपारी कातरत बसलेल्या माणसासारखा. खाली तारा टेकतात त्या घोडीकडचा तिखट, भांडायला आल्यासारखा. घोडीकडे तार कमी हलते म्हणून तो जरा वर ठेवायचा. दोघांना मिळून बोलायला लाव.

आणि मग मला आवाज लिहून पाठव. नुसतं "बरा झाला" असं नको. कसा झाला ते.

मामा


मांडवी
२६ फेब्रुवारी

मामा,

नाणी लावून केलं. जाडी तार आता घुमत नाही. पण ओमकार म्हणाला अजून मोठा पाहिजे, म्हणून मी दोन्ही पिकअप वर घेतले, बरेच वर. आवाज मोठा झाला. पण काहीतरी बिघडलं.

तू लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते, हसू नको. सूर वाजवला की सुरवातीला दाराला धक्का मारल्यासारखा येतो आणि लगेच बसतो. फुगा हातातून सुटल्यासारखा. आणि सरळ राहत नाही, थरथरतो. एक सूर आहे का दोन तेच कळत नाही. ट्यूनर लावला तर त्याचा काटा पण डुलतो. बारीक तारेला खरखर येते, चपलेखाली खडा आल्यावर येते तशी.

दुपारी बाबा झोपतात म्हणून मी बास घेऊन समुद्रावर जाते. ॲम्प नसतो, नुसती बोटं पक्की करते. जेटीच्या पलीकडे वाळूत बसते, तिथे त्या वेळी कोण नसतं. घरी आल्यावर ॲम्प लावते. आई म्हणते एवढा मोठा आवाज तुझ्यातून कुठून येतो. मी म्हटलं माझ्यातून नाही, पेटीतून.

आज महाशिवरात्र, तुमच्याकडे यात्रा असेल.

अक्षया


वेळणेश्वर
४ मार्च

अक्षयाबाय,

हसलो नाही. फुगा सुटल्यासारखा हे मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं. दोनदा वाचलं आणि तुझ्या सगुणामामीला वाचून दाखवलं. तिला काय कळणार, पण मान हलवलीन.

तू चुंबक फार वर आणलास. चुंबक तारेला ओढतो. जवळ गेला की तिला हलू देत नाही, म्हणून ती थरथरते आणि लवकर मरते. खाली घे. माझ्या नाण्यांवर परत ये. ओमकारला आवाज मोठा पाहिजे असेल तर ॲम्पचं बटण फिरव म्हणावं, त्याच्यासाठीच असतं ते. लक्षात ठेव, तारेचा सूर मरायचाच असतो. फक्त तो हळूहळू मरेल एवढी जागा तिला द्यायची. तेवढंच आपल्या हातात.

खरखर कसली ते मात्र कळत नाही. वायर लावतात तो जॅक बघ, आत घाण असेल. पट्टीला तार लागते का बघ.

यात्रा झाली. गर्दी होती. रात्रीच्या नाटकाला स्पीकर मोठे लावले होते, माणसाच्या उंचीचे. मी एका स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. सगुणा हात धरून ओढत होती, लोक बघतात म्हणून. बघू दे.

आवाज लिहिताना "मोठा", "छान" असले शब्द टाकू नको. ते सगळ्यांचे असतात. बारीक तारेचा वेगळा लिही, जाडीचा वेगळा. वेळ लागला तरी चालेल. आंबा उतरेपर्यंत मला इकडे दुसरं काम नाही.

मामा


मांडवी
१५ मार्च

मामा,

खरखर सापडली.

पिकअप खाली घेतले तरी खरखर जाईना. आवाज पण परत रजईतला झाला. मग मी उजेडात धरून बघितलं तर चुंबकाच्या टोकांना काळी दाढी आलेली. अगदी बारीक केस उभे राहिल्यासारखी. पुसली तर जाईना, बोटाला चिकटून परत तिथेच. मला आधी वाटलं मुंग्या आहेत.

ती आमची वाळू आहे मामा. आमच्याकडची काळी आहे ना, ती चुंबकाला चिकटते. शाळेत एकदा बाईंनी कागदाखाली चुंबक फिरवून ती नाचवून दाखवलेली. मी रोज त्याच वाळूत बसायचे आणि मला आठवलं नाही. तुझ्या वेळणेश्वरच्या वाळूत असं होत नसेल.

मी तारा काढल्या, पिकअप वर काढले. वरची झाकणं निघाली. आत सगळीकडे वाळू गेलेली. कणकेचा गोळा करून लावला तर बरीचशी त्याला चिकटून आली. उरलेली निघेना, आणि हाताला खारट लागत होतं. म्हणून मग विहिरीवर नेऊन गोड्या पाण्याने स्वच्छ धुतले. बाबा बोटीवरचं सगळं तसंच करतात. समुद्र लागलेली वस्तू गोड्या पाण्यातून काढली की टिकते म्हणतात, जाळ्याची शिसं पण धुतात. वायर जोडलेलीच ठेवली, ती भिजू दिली नाही.

दोन्ही सुपात घालून गच्चीवर उन्हात ठेवलेत. आता नव्यासारखे दिसतात. ओमकार पंचवीस तारखेला ऐकणार आहे.

अक्षया


वेळणेश्वर
२० मार्च

अक्षया,

उन्हातून काढ. आत मेण असतं, ते वितळतं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेव आणि आठ दिवस हात लावू नको. ॲम्पला जोडू नको.

ती तार केसाहून बारीक आहे म्हणून मी लिहिलं होतं. पाणी आत राहू शकतं. पण नीट सुकलं तर काही होत नाही. माझ्या एका मित्राची गिटार पावसात भिजली होती, ती नंतर किती वर्षं वाजली.

समुद्रावर बसतेस असं लिहिलं होतंस तेव्हाच मी विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यात इथलीच वाळू.

घाबरू नको. तुझं काही चुकलं नाही. बाबांनी शिकवलंन तेच केलंस.

मामा


मांडवी
२८ मार्च

मामा,

तुझं पत्र आलं तोवर मी जोडून टाकले होते. ओमकारची तारीख होती, थांबता आलं नाही. तांदळाचं राहून गेलं.

पण ऐक. आवाज आला. आणि असा आला की मी एकटी होते तरी मागे वळून बघितलं.

जाडी तार लिहिते आधी. ओटीवर कोणीतरी भरलेलं पोतं हळूच टेकवलंन, आपटलंन नाही, तशी. टेकल्यावर फरशी जरा वेळ जड वाटत राहते ना, तसा सूर मागे राहतो आणि मग एकेक दाणा सांडावा तसा कमी होतो. दुसरी तार पितळी हंड्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारल्यासारखी, पण हंडा अर्धा भरलेला. तिसरी तार म्हणजे बाबा खोलीच्या बाहेरून आईला हाक मारतात तशी, जोरात नाही आणि ऐकू येतेच. बारीक तार चिंच तोडल्यासारखी. आधी कट्ट आणि मग आतलं मऊ.

खरखर अजिबात नाही. दोन्ही पिकअप मिळून बोलतात.

ओमकारने तीन गाणी वाजवून घेतलीन. हर्षद म्हणून त्यांचा कीबोर्डवाला आहे, तो म्हणाला, "अरे ही तर नुसती मान खाली घालून वाजवते, लोकांना वाटेल आपण हिला ओरडलोय." ओमकार म्हणाला, "वाटू दे." मग मला म्हणाला, "शनिवारी चारला टेम्पो सुटतो. काळे कपडे घाल."

मी घरी येऊन आईला सांगितलं. बाबांना पण पूर्ण सांगितलं. ते म्हणाले परत रात्री किती वाजता सोडणार. एवढंच म्हणाले.

अक्षया


वेळणेश्वर
४ एप्रिल

अक्षयाबाय,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. पोत्याचं वाचलं आणि खुर्चीत नीट बसलो. हो, तसाच असतो तो. मी ती बास घेतली त्या दिवशी तसाच होता.

आता एक सांगतो. उजव्या कानाचं सगुणा सांगते ते खरं नाही. गेल्या गणपतीपर्यंत काहीतरी यायचं, भांडी पडली की वगैरे. दिवाळीपासून तेही नाही. दोन्ही कान बंद. चिपळूणच्या डॉक्टरने मशीन लावून बघितलंन आणि मशीन काढून परत डब्यात ठेवलंन. तुला लिहिलं नाही, कारण मग तू आवाज लिहिला नसतास. बहिऱ्याला काय लिहायचं म्हणून.

पण खर्ज कानाने यायचाच असं नसतं. मोठ्या स्पीकरजवळ उभा राहिलो की छातीत येतो, बरगडीत. यात्रेला त्यासाठीच उभा होतो. नाटकवाल्यांचा नुसता धडधडाट होता, त्यात काही नव्हतं.

म्हणून ठरवलंय. २६ तारखेच्या शनिवारी मी आणि सगुणा येतो. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरायचं आणि तिथून गणपतीपुळे. झोपायला मालगुंडला सगुणेच्या बहिणीकडे. ओमकारला सांग, एक म्हातारा स्पीकरला टेकून बसेल, त्याला हाकलू नको.

पिकअपचे स्क्रू आता फिरवू नको. जसं आहे तसं राहू दे.

मामा


मांडवी
१४ एप्रिल

मामा,

मला काहीच कळलं नव्हतं. मी तुला सूर एक का दोन विचारत होते आणि तू उत्तर देत होतास.

तू येतोस म्हणून बरं वाटतंय आणि भीती पण वाटते. तीन शनिवार झाले. पहिले दोन छान गेले. छान लिहू नको म्हणालास, पण तेव्हा मी ऐकतच नव्हते, नुसती गाणी चुकू नयेत एवढंच बघत होते. परवाच्या शनिवारी घोडीकडच्या पिकअपचा आवाज बारीक होत गेला. दम लागलेल्या माणसासारखा, शब्द अर्धे राहिलेले. रविवारी तो बंदच पडला. उघडून बघितला तर वेढ्यांवर कडेने हिरवं आलंय, जुन्या तांब्याला येतं तसं.

आता मानेकडच्या एकट्यावर वाजवते. तो ठीक आहे. म्हणजे मला वाटतं ठीक आहे. तू स्क्रू फिरवू नको म्हणालास तरी मी थोडा वर घेतला, आवाज पुरेना म्हणून. ओमकारला सांगितलेलं नाही.

हे हिरवं पुसून जाईल का? कशाने पुसू?

अक्षया


वेळणेश्वर
१९ एप्रिल

अक्षयाबाय,

पुसू नको. हात लावू नको. मानेकडचा शनिवारपर्यंत चालेल. बाकी भेटल्यावर बोलू. म्हणजे तू लिहून दाखव.

मामा


वेळणेश्वर
२९ एप्रिल

अक्षयाबाय,

काल घरी पोचलो. रविवारी सकाळी तुला भेटून निघायचं होतं, पण तुमचा टेम्पो रात्रीच गेला. कार्यक्रम संपल्यावर तू आलीस, पाया पडलीस आणि पळालीस. तुझा चेहरा रडल्यासारखा होता. सगुणा म्हणाली दमली असेल. मी म्हटलं पहिल्यांदा माझ्यासमोर वाजवते, होतं तसं.

आता मी तुला आवाज लिहितो. एवढे दिवस तू लिहिलास.

ओमकारने खुर्ची स्पीकरला लावून दिलीन. चांगला मुलगा आहे. मी पाठ टेकून बसलो. पहिल्या गाण्यात नीट लागेना, तुझा आवाज लाजत होता. बरगडीपर्यंत यायचा आणि परत जायचा. दुसऱ्या गाण्यात तर मधेच काहीच नव्हतं. मी डोळे मिटले. आणि मग तिसऱ्यापासून जे सुरू झालं, अक्षया. पाठीच्या मणक्यातून वर आलं. गोल, भरलेला, कुठे खड्डा नाही. प्रत्येक सूर जागच्या जागी. शेवटच्या गाण्यात तू खालचा सूर धरलास आणि सोडलाच नाहीस. तो कमीच होत नव्हता. मी मनात मोजायला लागलो आणि मोजायचं विसरलो. मी उभ्या आयुष्यात तसा सूर धरला नाही. मरतच नव्हता तो.

डोळे उघडले तर सगुणा रुमालाने माझं तोंड पुसत होती.

वाडीत सगळ्यांना सांगितलंय. कुणाला काही कळत नाही, पण ऐकून घेतात. मे महिन्यात दर शनिवारी यायचं ठरवलंय. मालगुंडची मेहुणी वैतागेल, वैतागू दे. मुंबईत एक ओळखीचा आहे, त्याला दोन पिकअपसाठी कळवलंय. तोवर एकट्यावर असाच वाजव. तुला त्याची सुद्धा गरज दिसत नाही.

मामा


मांडवी
६ मे

मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. आई म्हणाली लिहू नको. मी पण तेच ठरवलं होतं. पण तू दर शनिवारी यायचं म्हणतोस.

ती मी नव्हते.

दुसऱ्या गाण्यात मधेच काही नव्हतं असं तू लिहिलंस, तेव्हा मानेकडचा पिकअप गेला. एकदम गेला. मी ओमकारकडे बघितलं, त्याने हर्षदला खूण केलीन आणि हर्षदने डाव्या हाताने कीबोर्डवर बास धरलान. तिसऱ्या गाण्यापासून पुढचं सगळं त्याचं. मी नुसती बोटं हलवत होते. तू समोर बसला होतास म्हणून थांबले नाही. तुझे डोळे मिटलेले होते तरी थांबले नाही.

तो शेवटचा सूर कीबोर्डचा होता मामा. बटण दाबून ठेवलं की तो तसाच राहतो. तारेचा तसा राहत नाही, तूच शिकवलंस.

टेम्पोत सामान चढवताना ओमकार म्हणाला, "बघ, काही फरकच पडला नाही गो." वाईट बोलला नाही तो, मला बरं वाटावं म्हणून बोलला. पण मग तेच खरं झालं. आता बास हर्षदच डाव्या हाताने वाजवतो. टेम्पोत पण जागा झाली त्यांना. मी विचारलं, नवे पिकअप आले तर? तो म्हणाला, "कशाला खर्च करता?"

मुंबईच्या माणसाला नको म्हणून कळव.

तू आवाज खरा लिहायला शिकवलास म्हणून हे लिहिलं. नाहीतर मला लिहिता आलं नसतं.

अक्षया


वेळणेश्वर
९ जून

अक्षया,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हतो.

धुतलेस असं लिहिलंस त्याच दिवशी मला माहीत होतं की पिकअप जाणार. वाळूतलं मीठ पाण्याबरोबर एकदा वेढ्यात शिरलं की महिना, दीड महिना. तांदूळ वगैरे मी आपलं लिहिलं. पावसात भिजलेल्या गिटारचा मित्र पण नव्हता कोणी. तुला तेवढा महिना मिळावा असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला मिळावा असं वाटलं. मी लगेच यायला हवं होतं, पहिल्याच शनिवारी. आंबा उतरायचा होता म्हणून सव्वीस तारीख धरली.

तुझ्यावर राग नाही. सूर मरत नव्हता तेव्हाच मला कळायला हवं होतं. पंचवीस वर्षं तारेवर हात ठेवलेल्या माणसाला कळत नाही म्हणजे काय. कळून घ्यायचं नव्हतं, दुसरं काय.

मला वाटलं होतं शेवटचा आवाज तुझा मिळाला. आता तो हर्षदच्या डाव्या हाताचा झाला. तो परत देता पण येत नाही, राहिलाय छातीत.

यापुढे मला आवाज लिहू नको. जुनी पत्रं पण सगुणेकडे दिली ठेवायला, खिशात ठेवत नाही. आईचे गुडघे, बाबांची बोट, तू काय जेवतेस, ते लिही. पत्र बंद करू नको.

मामा


मांडवी
२१ जून

मामा,

तुझं पत्र मिळालं.

आईचे गुडघे सुजलेत. सकाळी उठताना भिंतीला धरते. सिव्हिलमध्ये गोळ्या दिल्यान, त्या लाल रंगाच्या आहेत.

मासेमारीला बंदी लागली. बाबांची बोट वर ओढून झावळ्यांनी झाकली आहे. बाबा दिवसभर ओटीवर बसून जाळं शिवतात. त्यांच्या बोटाला सुईने भोक पडलंय, त्यावर हळद लावली आहे.

मी कारखान्यात जाते. सोललेला काजू पांढरा असतो आणि माझे हात काळे. डाग साबणाने जात नाहीत, तेल लावून पण जात नाहीत. माझ्या शेजारी सानवी म्हणून नवीन मुलगी बसते. ती पण खाली बघून काम करते.

परवा ओमकारचा टेम्पो दारावरून गेला. पावसाचं रिसॉर्ट बंद आहे, कुठल्या तरी हळदीला चालले असतील. मागे ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली सगळे दाटीवाटीने बसले होते. हर्षदने हात हलवलान. मी पण हलवला. वळणावर दिसेनासे झाले.

बास पलंगाखाली ठेवली आहे. तारा सैल केल्या, नाहीतर मान वाकते. आईने त्यावर जुनी चादर घातलीन.

कालवण म्हणून सुक्या सोड्यांची आमटी होते. फणस संपले. आमच्या दारातल्या अळवाची पानं सुपाएवढी झाली आहेत, पाणी त्यांच्यावर थांबतं आणि घरंगळून जातं.

मामीला नमस्कार.

आवाज नको म्हणालास तसंच लिहिलंय. पाकिटात घालायच्या आधी दोनदा वाचून बघितलं. टेम्पोच्या तिथे एक ओळ खोडली आहे. ती उजेडाला धरून वाचू नको.

अक्षया